वर्ष कोणाच्या बापाचं?

(कल्याण पूर्वेला विद्यार्थी-युवकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज मार्कांवर बोलणार आहे. मॅट्रिक हमालानं मेडिकलच्या ॲडमिशनवर बोलावं हे काही लोकांना चमत्कारिक वाटेल. वाटू दे. गेली काही वर्षं कोळसेवाडी, विठ्ठलवाडी, कळवा, कोपरी इथल्या पोरापोरींचे नीटचे फॉर्म आम्ही तिघंचौघं मिळून भरतोय. त्यासाठी ती जाडजूड माहितीपुस्तिका आम्ही ओळ न् ओळ वाचली. पोथी वाचतात तशी नाही. मुकादमाचा हजेरीचा कागद आपण वाचतो, तशी. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पोटावर पाय येतो, म्हणून.

फॉर्म भरताना एक प्रश्न हमखास येतो. पोरगी विचारते, पोरगा विचारतो, त्याचा बाप तर दबक्या आवाजात विचारतो. "पुन्हा बसलं तर चालतं का? मार्क कापतात का? नापास झाल्याचा डाग कागदावर राहतो का?"

आजचं भाषण या एका प्रश्नावर आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगतो. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक कापला. मेडिकलची यादी लागते ती फक्त त्या वर्षाच्या मार्कांवर. तुम्ही गेल्या वर्षी बसला होता का, किती पडले होते, कितव्यांदा बसताय, याचा मेरिटशी काडीचा संबंध नाही. पहिल्यांदा बसून मिळवलेले ५०० आणि तिसऱ्यांदा बसून मिळवलेले ५०० यांची किंमत सारखीच. २०१७ साली तीनच वेळा बसता येईल असं फर्मान निघालं होतं. आज किती वेळा बसायचं यावर बंधन नाही. वयाचंही तसंच. २०१८ साली वरची मर्यादा घातली, खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीवला ३०. लोक कोर्टात गेले. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती मर्यादा काढून टाकली. आता फक्त १७ वर्षं पूर्ण लागतात.

बारावीचं काय? फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजीत पास पाहिजे. पहिल्या तिन्ही विषयांची बेरीज खुल्याला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसीला ४० टक्के. इतकंच. हा उंबरठा आहे. तो ओलांडला की बारावीचे मार्क मेरिटच्या यादीत धरत नाहीत. केमिस्ट्री एकदा राहिला आणि पुरवणी परीक्षेत काढला, तरी उंबरठा ओलांडलाच. बेरीज कमी पडली तर बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं. बारावीला बायोलॉजी घेतलाच नव्हता आणि नंतर जादा विषय म्हणून काढला, तरी नोव्हेंबर २०२३ पासून आयोग ते मान्य करतो.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की डोक्यात घ्या. कागदावर डाग नाही. डाग आहे तो लोकांच्या तोंडात. शेजारणीच्या, मामाच्या, शाळेतल्या सरांच्या. आणि काही वेळा आपल्या स्वतःच्या.

आता हा डाग कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही ते बघा. ठाण्यात राममारुती रोडला जा, डोंबिवलीत फडके रोडला जा. क्लासच्या पाट्या वाचा. "रिपीटर बॅच." मोठ्या अक्षरात, फोटोसकट. त्या घरातला पोरगा एकदा बसला, नाही जमलं, तर तो नापास होत नाही. तो "ड्रॉप" घेतो. शब्द बघा कसा आहे! जसं काय आमरस नको म्हणून बासुंदी घेतली. त्याची रवानगी लातूरला, नांदेडला, कोट्याला होते. खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज. बाप म्हणतो, "एक वर्ष इन्व्हेस्ट केलं."

तेच वर्ष आपल्या घरात आलं की त्याला नाव पडतं, "वाया गेलं." पोरगी घरात बसली. पोरगं रिकामं फिरतंय. तेच बारा महिने, तीच परीक्षा, तीच पुस्तकं. एकाला इन्व्हेस्टमेंट आणि एकाला रिकामटेकडेपणा. ही भाषा कुणी बनवली? ज्याच्याकडे वर्ष विकत घ्यायला पैसा आहे, त्यानं.

हे मी हवेत बोलत नाही. तमिळनाडू सरकारनं २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती, नीटचा परिणाम तपासायला. त्या अहवालातला आकडा ऐका. त्या राज्यात एमबीबीएसला लागलेल्यांत पुन्हा बसणारे २०१६-१७ साली १२.४७ टक्के होते. २०२०-२१ साली ते झाले ७१.४२ टक्के. म्हणजे दहातले सात पुन्हा बसून आलेले. तेव्हा "एकदाच बसून लागतो तो खरा हुशार" असं ज्या कोणाला वाटतं, त्यानं हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. त्या यादीत पुन्हा बसणं हाच नियम झाला आहे. पहिल्या झटक्यात लागणं हा अपवाद झाला आहे.

मग प्रश्न असा उरतो की पुन्हा बसतंय कोण? दार तर सगळ्यांना उघडं आहे म्हणतात. ताजमहाल हॉटेलचंही दार सगळ्यांना उघडंच असतं की!

आमच्या वस्तीतल्या एका मुलीचं सांगतो. नाव घेणार नाही, ते तिचं तिच्याकडे राहू दे. बाप नाक्यावर उभा राहणारा, मिळेल ते काम. आई चार घरची धुणीभांडी करते. दहावीपर्यंत महापालिकेची मराठी शाळा. अकरावीला सायन्स, आणि एका रात्रीत सगळं इंग्रजीत. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, खरं आहे. पण अकरावी-बारावी सायन्स मराठीत शिकवणारं कॉलेज दाखवा मला. पेपर मराठीत आणि शिकवणं इंग्रजीत, म्हणजे डबा एका गाडीत आणि माणूस दुसऱ्या गाडीत.

पहिल्या वर्षी तिला पडले २१४. पात्रता मिळाली. घरात पेढे वाटले. कारण कुणाला ठाऊक नव्हतं की पात्रता म्हणजे सीट नव्हे. हा घोळ आपल्यात फार आहे म्हणून थांबून सांगतो. पात्रता ठरते पर्सेंटाइलवर. खुल्याला ५०, राखीवला ४०. हे टक्के नव्हेत. ४० पर्सेंटाइल म्हणजे बसलेल्या शंभरातल्या चाळीसांच्या पुढे तुम्ही आहात, इतकंच. २०२५ साली राखीव प्रवर्गाला ७२० पैकी ११३ मार्कांवर पात्रता मिळाली, खुल्याला १४४ वर. त्या वर्षी २२ लाखांवर पोरं बसली, १२ लाखांवर पात्र झाली. आणि देशात एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी-खाजगी धरून, सव्वा लाखाच्या आतबाहेर. उरलेल्या अकरा लाखांनी पात्रतेचं काय करायचं? लोणचं? त्यातल्या खाजगी जागा तर आपण लांबूनच बघायच्या.

तर ती पोरगी पुन्हा बसली. सकाळी नऊ ते दुपारी तीन एका मेडिकलच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं लावायची. चार ते सहा घरकाम. रात्री दहानंतर, सगळे झोपले की, मोरीच्या बाजूला दिवा लावून अभ्यास. क्लास नाही. कुणाची तरी जुनी पुस्तकं, मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ. दुसऱ्या वर्षी पडले ३७१. यादी तिच्या वरच थांबली.

मी तुम्हाला विचारतो. २१४ वरून ३७१. १५७ मार्क. नोकरी करून, घर सांभाळून, क्लासशिवाय. याला गुणवत्ता म्हणायचं की नाही? गुणवत्ता गुणवत्ता म्हणून जे ऊर बडवतात त्यांच्या कुठल्या खात्यात हे १५७ मार्क जमा होतात? कुठल्याच नाही. नीटला फक्त एक दुपार माहीत आहे, दोन ते पाच. त्याच्या आधीची दोन वर्षं तिला माहीत नाहीत.

ती मला म्हणाली, "दादा, तिसऱ्यांदा बसू का?" कायदा म्हणतो, बस. माझं मन म्हणतं, बस. पण तिचा बाप म्हणाला, "हिच्या मागं दोन आहेत." बाप खोटं बोलत नाही. तिचं तिसरं वर्ष म्हणजे त्या घरातला एक पगार. नियमानं दिलेलं वर्ष तिच्या घरानं कुठून आणायचं?

आता कुणी म्हणेल, मग एकाच परीक्षेवर सगळं ठेवू नका, सगळ्या वर्षांचे मार्क धरा. तेही बघू. अमेरिकेत तसंच आहे. तिथं बारावीनंतर मेडिकलला जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी, त्यातल्या प्रत्येक कोर्सला श्रेणी. ए म्हणजे चार, बी तीन, सी दोन, डी एक. सगळ्यांची सरासरी म्हणजे जीपीए. आता समजा एका पोराला पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत डी मिळाला. रात्रपाळी करत होता म्हणा, आई आजारी होती म्हणा. त्यानं तोच कोर्स पुन्हा घेतला आणि ए मिळवला. नवी श्रेणी धरली तर त्याचे चार. दोन्ही धरल्या तर एक अधिक चार, भागिले दोन, अडीच. तिथल्या एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या यंत्रणेतून जातात ती ॲमकास, ती दोन्ही धरते. ऑस्टिओपॅथीची मेडिकल कॉलेजं आहेत, त्यांची यंत्रणा २०१७ पर्यंत फक्त नवी श्रेणी धरायची. गरीब पोरांना, उशिरा जाग आलेल्यांना ते एक दार होतं. २०१७ साली तेही बंद केलं. आता तिथंही सगळे प्रयत्न धरतात.

म्हणजे तिथं एकदा पडलेला माणूस उठला तरी त्याचं पडणं त्याच्या पाठीवर बांधून पुढं पाठवतात. इथं पाठीवर काही बांधत नाहीत, पण पुन्हा उठायला लागतो तो घास कुणी देत नाही. तिथला काळा पोरगा आणि इथली आमची पोरगी, दोघांच्या वाटेला दोन वेगळे नियम आणि निकाल एकच. म्हणून नुसत्या नियमाच्या मागं लागून भागत नाही.

गोदीत माल चढवताना कधी स्लिंग सरकते. माल खाली येतो. पुन्हा बांधतात, पुन्हा चढवतात. टॅली क्लार्क लिहितो, इतके नग चढले. "दुसऱ्या प्रयत्नात चढले" असं कुठल्याही जहाजाच्या कागदावर लिहीत नाहीत. माल बंदरात पोचला की पोचला. मालाला जो न्याय आहे तो माणसाला का नाही?

आणि आपल्याला पुन्हा बसायची लाज कुणी शिकवली? बाबासाहेबांचं मॅट्रिक १९०७ सालचं, एल्फिन्स्टन हायस्कूलमधून. ७५० पैकी २८२ मार्क. हिशोब करा. साडेसदतीस टक्क्यांच्या किंचित वर. तेव्हाची मॅट्रिक वेगळी, आजची बारावी वेगळी, मला कळतं. तरी फडके रोडच्या एखाद्या क्लासवाल्यासमोर नाव झाकून ही मार्कशीट ठेवा. तो म्हणेल, "आर्ट्सला घाला."

पुढं ऐका. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परत यावं लागलं. तीन वर्षं मध्ये गेली. नोकरी केली, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे जमवले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. आजच्या भाषेत याला "गॅप" म्हणतात. डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर १९२३ साली परीक्षकांनी तो पुन्हा लिहून आणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा लिहिला, पुन्हा पाठवला, आणि त्याच वर्षी पदवी मिळाली. आज कुणी म्हणतं का, डॉक्टर आंबेडकर, कंसात दुसरा प्रयत्न? गॅप आणि रिपीट, दोन्ही आपल्या बापाच्या आयुष्यात आहेत. त्याची लाज आपण बाळगायची?

पण त्या गोष्टीतलं एक आपण विसरतो. बाबासाहेबांना ते वर्ष कुणीतरी दिलं होतं. आधी सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीनं, नंतर शाहू महाराजांच्या मदतीनं, मित्राच्या उसनवारीनं. आणि घरात रमाईनं, पोटाला चिमटा घेऊन. बाबासाहेबांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. पोराला नुसतं "शिक" म्हणून भागत नाही, त्याला वेळ काढून द्यावा लागतो, हे त्या वेळापत्रकात लिहिलेलं होतं.

आता व्यवस्थेचा दुटप्पीपणा बघा. २०२४ सालचं नीट आठवा. ४ जूनला निकाल लागला. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. देशभर बोंब उठली. पेपर फुटल्याच्या तक्रारी, अटका, कोर्टकज्जे. त्यात असं निघालं की काही केंद्रांवर वेळ कमी मिळाला म्हणून १,५६३ जणांना वाढीव मार्क दिले होते. ते मार्क रद्द झाले आणि त्या १,५६३ जणांना सांगितलं, पाहिजे तर पुन्हा बसा. २३ जूनला फेरपरीक्षा. निकालापासून एकोणीस दिवसांत! ८१३ जण बसले. मी म्हणतो, चांगलं झालं. ज्यांचा वेळ गेला त्यांना तो मिळालाच पाहिजे. पण मग माझा सवाल ऐका. परीक्षा घेणाऱ्यांनी वेळ खाल्ला तर फेरपरीक्षा. आणि ज्या पोरीचा वेळ नळाच्या रांगेनं खाल्ला, दुकानाच्या पाळीनं खाल्ला, तिला काय? तिच्या गेलेल्या तासांचा हिशोब कुठल्या कोर्टात मांडायचा?

तमिळनाडूची अनिता तो हिशोब घेऊन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. दलित मुलगी, अरियलूर जिल्ह्यातली. बाप हमाल, माझ्यासारखाच ओझी उचलणारा. बारावीला १,२०० पैकी १,१७६. नीटमध्ये ८६. जुन्या पद्धतीनं ती डॉक्टर झाली असती. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. मी तिचं नाव आदरानं घेतो, पण इथल्या प्रत्येक पोरीला हात जोडून सांगतो, तो रस्ता आपला नाही. यादीत नाव नाही आलं तर आमच्याकडे या. रात्री दोन वाजता या. निकालाच्या दिवशी वस्तीतल्या एकाही पोराला एकटं सोडायचं नाही, हे आजपासून आपलं काम.

आता जे लागतात त्यांच्याबद्दल. आपल्याला वाटतं गेटच्या आत गेला की सुटला. नाही भावांनो. गेटच्या बाहेर प्रयत्न मोजत नाहीत, गेटच्या आत मोजतात. आयोगाचा नियम आहे, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेला जास्तीत जास्त चार प्रयत्न, आणि सगळा कोर्स प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत. चार वेळा नाही जमलं तर घरी. शिवाय विभागातले अंतर्गत मार्क कमी पडले तर विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. आता नीटचा पेपर मशीन तपासतं, त्याला आडनाव कळत नाही. पण तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मार्क माणूस देतो. त्याला आडनाव कळतं.

हा नुसता संशय नाही. दिल्लीच्या एम्समध्ये एससी-एसटी विद्यार्थ्यांना कसं वागवतात याची चौकशी डॉ. सुखदेव थोरातांच्या समितीनं केली, २००७ साली अहवाल दिला, आणि भेदभाव होतो हे लेखी मांडलं. दिल्लीच्याच वर्धमान महावीर मेडिकल कॉलेजात एससी-एसटी मुलं फिजिऑलॉजी या एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होत होती. अनुसूचित जाती आयोगानं चौकशी सोपवली आपल्या डॉ. भालचंद्र मुणगेकरांकडे. २०१२ साली त्यांनी सांगितलं, इथं जातीवरून भेदभाव झाला आहे. म्हणजे "हे रिझर्व्हेशनवाले, यांना झेपत नाही" असं जे कुजबुजतात, त्यांना विचारा, एकाच विषयात, एकाच विभागात, एकाच जातीची पोरं कशी काय झेपत नाहीत? जिथं प्रयत्न चारच आहेत, तिथं एकेक खोटं नापास म्हणजे एका डॉक्टरचा पाव खून आहे.

कुणी विचारेल, एवढा अट्टाहास कशाला? डॉक्टरच कशाला व्हायचं? उत्तर कळव्यात आहे. ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, त्याला जोडलेलं राजीव गांधी मेडिकल कॉलेज, १९९२ सालचं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा माणसं दगावली. मुंब्रा, दिवा, कल्याण, शहापूर, मुरबाडपर्यंतचा गरीब माणूस तिथं येतो, कारण दुसरीकडे जायला पैसे नसतात. तिथं आपले रोगी आहेत, आपले वॉर्डबॉय आहेत, आपल्या सफाईवाल्या मावश्या आहेत. आपले डॉक्टर किती आहेत? अंबरनाथला नवीन सरकारी मेडिकल कॉलेज झालं, ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहांचं उद्घाटन झालं त्यातलं ते एक. इमारत आपल्या दारात आली. आत शिकायला कोण जाणार, याचा निकाल कोळसेवाडीतल्या मोरीशेजारच्या त्या दिव्याखाली लागायचा आहे.

तर करायचं काय? सरकारकडे काय मागायचं ते आधी सांगतो.

एक. शिष्यवृत्ती कॉलेजात नाव असलेल्याला मिळते. नीटसाठी पुन्हा तयारी करणाऱ्याचं नाव कुठल्याच कॉलेजात नसतं, म्हणून त्या वर्षी त्याला छदाम मिळत नाही. नेमकं ज्या वर्षी पैसा लागतो त्याच वर्षी नळ बंद. बारावी पास, नीट पात्र आणि गरीब घरातल्या प्रत्येक मुलामुलीला पुन्हा तयारीच्या वर्षाचा निर्वाहभत्ता पाहिजे. भीक म्हणून नाही. रिपीटर बॅचची फी भरू शकणाऱ्याला नियमानं जो फायदा दिलाय, त्याची भरपाई म्हणून.

दोन. तमिळनाडूनं २०२० साली कायदा केला, सरकारी शाळेत शिकून नीट पात्र झालेल्यांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा. मद्रास हायकोर्टानं तो कायदा उचलून धरला. महाराष्ट्रात तसा कायदा पाहिजे. पण आपल्याकडे अकरावी-बारावी बहुतेक अनुदानित आणि खाजगी कॉलेजात होते. तेव्हा आपल्या कायद्यात दहावीपर्यंतची महापालिका आणि जिल्हा परिषद शाळा धरली पाहिजे. नाही तर नाव गरिबाचं आणि गाव भलत्याचं.

तीन. मेडिकल कॉलेजातल्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेचे मार्क, जात-प्रवर्गानुसार पास-नापासचे आकडे, दरवर्षी जाहीर करा. विषयावर, विभागावर बोट ठेवता आलं पाहिजे.

आता सरकार देईल तेव्हा देईल. तोपर्यंत आपण हात बांधून बसायचं नाही.

अकरावीतच जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज टाका. यादीत नाव येऊन त्या एका कागदापायी राखीव जागेवर पाणी सोडावं लागलेली पोरं आहेत. बारावीनंतर घरी राहिलात तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, ॲडमिशनला आणि शिष्यवृत्तीला मागतात. नीटची फी एससी-एसटीला कमी आहे, २०२५ साली हजार रुपये होती, खुल्याला सतराशे. सायबर कॅफेवाला घाईत प्रवर्ग चुकवतो, स्वतः वाचून बटण दाबा. बार्टीच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, जागा मोजक्या असतात आणि मुदत थोडी असते. बारावीच्या बेरजेत उंबरठ्याला कमी पडलात तर रडत बसू नका, पुन्हा बसा.

आणि सगळ्यात मोठं काम. प्रत्येक वस्तीत एक खोली. बुद्धविहार रात्री रिकामं असतं ना? दहा ते दोन तिथला दिवा चालू राहिला पाहिजे, पंखा चालू राहिला पाहिजे. बुद्धासमोर अभ्यास केला तर बुद्ध काही रागवायचा नाही. जयंतीला डीजेवर पैसा जातो. त्याच्या अर्ध्यात एका मुलीचं एक वर्ष निघतं. हे बोललो की काही जण चिडतात. चिडा. पण हिशोब करून चिडा. आमच्या टोळीतल्या हमालांनी गेल्या महिन्यापासून दर पगाराला शंभर रुपये बाजूला काढायला सुरुवात केली आहे. फार नाहीत. पण त्यातून त्या पोरीचा तिसरा फॉर्म भरला, आणि दुकानातल्या पगारातला अर्धा भाग आम्ही तिच्या घरी देतो. तिनं दुकान अर्धा दिवस केलं आहे. ती लागेल का? मला माहीत नाही. पण या वेळी ती ७२० मार्कांशी लढेल, भुकेशी लढत बसणार नाही.

नियमानं दिलेलं वर्ष ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्या बापाचं झालं आहे. ते कुणाच्याच बापाचं नाही. ते आपण वर्गणी काढून, मोर्चे काढून, भांडून आपल्या पोरींच्या नावावर करायचं आहे. येत्या रविवारी सकाळी विहारात फॉर्म, कागद आणि वर्गणीची वही घेऊन आम्ही बसतोय. ज्याला पुन्हा बसायचंय त्यानं मान वर करून या.

जयभीम.